'टेन' पुन्हा ऐकताना : १९९१चे मिक्स की २००९चे?

गावभागकर :

पर्ल जॅम या सिएटलच्या बँडचा 'टेन' हा पहिला अल्बम २७ ऑगस्ट १९९१ रोजी प्रसिद्ध झाला. सांगलीत आमच्या कानावर तो पडेपर्यंत १९९३ उजाडले होते. केबलवर एमटीव्ही दिसू लागला होता, रात्री उशिरा 'जेरेमी'चा व्हिडिओ लागत असे आणि दुसऱ्या दिवशी विलिंग्डन कॉलेजच्या आवारात त्यावर तावातावाने चर्चा होत असे. त्या वयात दुसरा कोणताही अल्बम माझ्या अंगात इतका भिनला नाही. त्यामुळे माझ्या अकरावीतल्या मुलीने यंदा 'तुमच्या वेळचे काहीतरी ऐकवा' म्हटल्यावर मला दुसरे नाव सुचलेच नाही.

अडचण अशी, की 'टेन' आता दोन मिळतात. गाणी सिएटलच्या लंडन ब्रिज स्टुडिओत १९९१च्या मार्च-एप्रिलमध्ये मुद्रित झाली आणि त्यांचे मिक्स जूनमध्ये इंग्लंडमधील डॉर्किंगजवळच्या रिज फार्म स्टुडिओत टिम पामर यांनी केले. कोणते वाद्य पुढे आणायचे, कोणते मागे ठेवायचे, गळ्याला किती घुमारा द्यायचा हे सगळे मिक्समध्ये ठरते, आणि पामर यांनी घुमारा सढळ हाताने दिला. बँडला पुढे तो खटकू लागला. बासवादक जेफ आमेंट यांनी तर तो सगळा काढून टाकून अल्बम पुन्हा मिक्स करण्याची इच्छा उघडपणे बोलून दाखवली होती. अखेर मार्च २००९मध्ये ब्रेंडन ओब्रायन यांनी केलेले नवे मिक्स जुन्याच्या जोडीने प्रसिद्ध झाले. ओब्रायन हे दुसऱ्या अल्बमपासून बँडचे निर्माते होते, पण लोकांचा जुन्या ध्वनीवर जीव आहे हे जाणून तेही या कामाला बराच काळ तयार नव्हते.

गेले काही दिवस मी दोन्ही मिक्स आलटून पालटून ऐकतो आहे आणि माझे मत २००९च्या बाजूने झुकले आहे. नव्या मिक्समध्ये गायक एडी व्हेडर यांचा शब्दन् शब्द कळतो, आणि हा अल्बम मुळात शब्दांचा आहे. 'इव्हन फ्लो'मध्ये रस्त्यावर झोपणारा बेघर माणूस आहे, 'व्हाय गो'मध्ये घरच्यांनी मनोरुग्णालयात डांबलेली मुलगी आहे, 'जेरेमी'मध्ये वर्गासमोर स्वतःचा जीव घेणारा शाळकरी मुलगा आहे आणि 'रिलीज' हे हयात नसलेल्या वडिलांना उद्देशून म्हटलेले गाणे आहे. सोळाव्या वर्षी यातले आपल्याला किती कळले होते? आपण गिटार ऐकली आणि आरोळी ऐकली. मुलीने मात्र पहिल्याच वेळी गाणी ऐकावीत असे मला वाटते. तर, पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या हाती कोणते 'टेन' द्यावे आणि का, यावर आपली मते वाचायला आवडतील.

अजिंक्यतारा :

जुनेच द्यावे. साताऱ्याच्या वसतिगृहात आम्ही जे ऐकले ते त्या घुमाऱ्यासह ऐकले, आणि तो काढल्यावर 'ओशन्स'मध्ये काय उरते?

मृण्मयी_विश्रामबाग :

धाग्याचा विषय आवडला, पण 'आपण फक्त आरोळी ऐकली' हे विधान मला मान्य नाही, आणि त्याचे कारण 'अलाइव्ह' या गाण्यातच आहे.

या गाण्यामागची हकिकत आता सर्वश्रुत आहे. ज्यांना आपण वडील समजत होतो ते सावत्र वडील आहेत आणि खरे वडील केव्हाच वारले आहेत, हे व्हेडर यांना कुमारवयात कळले. त्यातून गाण्याची कथा उभी राहिली, आणि तिच्यात 'मी अजून जिवंत आहे' ही जाणीव शाप म्हणून आली आहे. मात्र मैफलींमध्ये हजारो लोक हात उंचावून हीच ओळ आनंदाने म्हणू लागले, तिचा अर्थ त्यांनी बदलून टाकला आणि आपल्यावरचा शाप उतरला, असे व्हेडर यांनी स्वतः पुढे सांगितले. कर्त्यालाच जर लोकांच्या ऐकण्यातून नवा अर्थ मिळाला असेल, तर विश्रामबागच्या एका खोलीत आम्ही मुली ती ओळ जोरजोरात म्हणत होतो ते ऐकणे अपुरे कसे ठरते? बारावीचे वर्ष होते, घरात रोज मार्कांवरून बोलणी बसत होती, आणि त्या ओळीने आम्हाला धीर दिला. सावत्र वडिलांची हकिकत ठाऊक नव्हती म्हणून तो धीर खोटा होता असे मला वाटत नाही.

त्यामुळे माझे मत असे, की आधी जुने मिक्स द्यावे. गाण्याने आधी पकड घ्यावी, शब्द मागाहून आपण होऊन शोधले जातात. आम्ही ते तसेच शोधले.

मिरजवासी :

आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या तंतुवाद्ये बनतात, म्हणून माझे लक्ष आधी तारांकडे जाते. 'जेरेमी'च्या सुरुवातीला जो झंकार ऐकू येतो, तो आमेंट यांच्या बारा तारांच्या बास गिटारचा आहे. चार मुख्य तारा, आणि प्रत्येक तारेशेजारी वरच्या सप्तकात लावलेल्या दोन बारीक तारा, अशी तिची रचना असते. एक आघात केला की तिन्ही तारा एकदम बोलतात आणि खर्जाबरोबर वरचा झणत्कारही मिळतो.

पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला ती सतारीची तरफ वाटली होती आणि वडिलांना मुद्दाम बोलावून मी ते ऐकवले. त्यांनी हातातला भोपळा बाजूला ठेवला, डोळे मिटून दोनदा ऐकले आणि म्हणाले, "ही तरफ नाही. तरफ कुणी छेडत नाही, वरची तार वाजली की ती आपली आपण बोलते. इथे सगळ्या तारांवर एकदम घाव पडतो आहे, झणत्कार कसा एका क्षणी सुरू होतो बघ." त्यांनी रॉक संगीत त्याआधी ऐकलेले नव्हते.

प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर, ही गंमत २००९च्या मिक्समध्ये अधिक स्वच्छ ऐकू येते. जुन्यात तो झंकार घुमाऱ्यात मिसळून जातो. माझे मत गावभागकरांना.

गावभागकर :

मृण्मयी, तुमच्या प्रतिसादाने मला विचारात पाडले आहे. 'अलाइव्ह'पुरते तुमचे म्हणणे मला पटते. पण 'जेरेमी'चे काय? तेही गाणे आम्ही त्याच जोशात म्हणत होतो, आणि तिथे अर्थ बदलून घेण्यासारखे काही नाही.

मिरजवासी, तुमच्या वडिलांचे निरीक्षण वाचून फार आनंद झाला. ते गाणे लगेच पुन्हा लावले आणि तो एकत्र पडणारा आघात आता स्पष्ट ऐकू येतो आहे.

हरिपूर_संगम :

या चर्चेत एक गोष्ट सुटते आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी १९९१चे मिक्सही जसेच्या तसे ऐकलेले नाही.

आमच्या गटात मूळ कॅसेट एकच होती. एका मित्राच्या मोठ्या भावाने ती मुंबईच्या ऱ्हिदम हाऊसमधून आणली होती. तिच्यावरून एकाने डबल डेकवर, म्हणजे दोन कॅसेटच्या टेपरेकॉर्डरवर, प्रत उतरवली, त्या प्रतीवरून दुसऱ्याने, आणि माझ्याकडे आली ती बहुधा चौथ्या हातची. वेळ वाचवण्यासाठी दुप्पट वेगाने प्रत काढली की वरच्या पट्टीतले आवाज आणखी दबतात. झांजांची किणकिण जाते, गिटारची धार बोथट होते, खरखर मात्र प्रत्येक प्रतीगणिक वाढते. मी डेकचे हेड, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा भाग, स्पिरिटच्या बोळ्याने पुसून पाहत असे, पण जे टेपवर उतरलेच नव्हते ते हेड पुसून कुठून येणार? पामर यांनी दिलेला घुमारा आमच्याकडे पोहोचेपर्यंत त्यामुळे दुपटीने दाट झालेला होता आणि गायक कुठेतरी खोल आडातून गातो आहे असे वाटत असे.

आज अधिकृत जुने मिक्स ऐकले तरी मला ते 'माझे टेन' वाटत नाही, ते फारच लख्ख वाटते. माझी कॅसेट घरातल्या इतर कॅसेट्सबरोबर २०१९च्या महापुरात गेली. म्हणून जुने की नवे या वादात माझ्यापुरते म्हणाल, तर दोन्ही नवेच आहेत, आणि दोन्ही मी सारख्याच कुतूहलाने ऐकतो.

अजिंक्यतारा :

हरिपूर_संगम, शंभर टक्के सहमत. आमच्या प्रतीत 'पोर्च'च्या मध्येच कुणाचा तरी खोकला होता. अजूनही त्या जागी माझा कान तो खोकला शोधतो.

श्रुतिभेद :

शब्द कळणे आणि गाणे कळणे यांत धागाकर्त्यांनी जी फारकत केली आहे, तिच्याविषयी थोडे लिहितो.

मिरजेत खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात दरवर्षी गाणे होते आणि आमच्या घरचे सगळे लहानपणापासून तिथे जाऊन बसत आले आहेत. ख्यालातल्या बंदिशीचे शब्द तिथल्या किती श्रोत्यांना नीट सांगता येतील? तरीही सूर लागला की सगळी सभा एकाच वेळी मान डोलावते. आवाजातून जे पोहोचायचे ते शब्दांची वाट पाहत नाही. व्हेडर यांचा गळा खर्जात भरदार आहे, त्यांचे उच्चार जाणूनबुजून सैल आहेत, आणि त्यांनाही हे ठाऊक असावे. 'जेरेमी'च्या सिंगलवर, म्हणजे त्या गाण्याच्या सुट्या तबकडीवर, दुसऱ्या बाजूला 'यलो लेडबेटर' नावाचे गाणे होते. त्याला ठरलेले शब्दच नाहीत, प्रत्येक कार्यक्रमात ते वेगळे गातात, आणि तरी ते त्यांच्या सर्वांत लाडक्या गाण्यांपैकी एक आहे.

तेव्हा शब्द स्पष्ट ऐकू येतात एवढ्याच कारणासाठी नवे मिक्स निवडू नये. निवडायचेच असेल तर मिरजवासींनी दिलेल्या कारणासाठी निवडावे.

द्राक्षबाग_तासगाव :

मी माध्यमिक शाळेत शिकवते आणि गावभागकरांच्या 'जेरेमी'विषयीच्या प्रश्नाला शिक्षिका म्हणून उत्तर देते.

हे गाणे १९९१च्या जानेवारीत टेक्सासमध्ये घडलेल्या घटनेच्या वर्तमानपत्रातील बातमीवरून सुचले. व्हिडिओला १९९३ साली एमटीव्हीचा वर्षातील सर्वोत्तम व्हिडिओचा पुरस्कार मिळाला, पण तो जसा दाखवला गेला त्यात शेवटच्या दृश्यातील पिस्तूल कापलेले होते. परिणाम असा झाला की मुलाने वर्गमित्रांवर गोळ्या झाडल्या असा अनेकांचा समज झाला. आमचाही तोच समज होता आणि वर्षानुवर्षे तो तसाच राहिला. न कापलेली आवृत्ती बँडने अधिकृतपणे २०२० साली प्रसिद्ध केली. म्हणजे ज्या मुलाचे दुःख कुणी ऐकले नाही यावर गाणे लिहिले गेले, त्याच मुलाला प्रेक्षकांनी खुनी ठरवले. ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

आता या वयात हे गाणे ऐकताना मी मुलाकडे कमी आणि आजूबाजूच्या मोठ्या माणसांकडे अधिक पाहते. आईवडिलांचे लक्ष नाही, वर्गात त्याची चेष्टा होते, आणि गाणे म्हणणाराही त्या चेष्टेत सामील होता असे गाण्यातच येते. माझ्या वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारी मुले आहेत. गाणे संपले की त्यांची नावे माझ्या डोळ्यांपुढे येतात आणि दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यापैकी एखाद्याशी मुद्दाम बोलते. सोळाव्या वर्षी या गाण्यातून हे मला मिळणे शक्यच नव्हते.

मुलीला अल्बम जरूर ऐकवावा, मिक्स कोणतेही असो, पण या गाण्याच्या वेळी तुम्ही तिच्याजवळ बसावे आणि नंतर तिच्याशी बोलावे.

गावभागकर :

द्राक्षबाग, तुमचा सल्ला मी पाळणार आहे. आपले मनापासून आभार.

कवठेपिरान :

मला हे सगळे कौतुक जरा अतिरेकी वाटते. पहिल्या सहा गाण्यांपुढे बाकीचा अल्बम ढेपाळतो, 'गार्डन' आणि 'डीप' आजही मला वेगवेगळी आठवत नाहीत. गिटारवादक माइक मॅक्रेडी यांचे लांबलचक तुकडे थेट सत्तरच्या दशकातले आहेत. महिन्याभराने, २४ सप्टेंबर १९९१ रोजी आलेल्या 'निर्वाणा' या बँडच्या 'नेव्हरमाइंड' अल्बमने जे मोडून टाकले तेच इथे जपलेले आहे. त्या बँडचे गायक कर्ट कोबेन त्या काळी पर्ल जॅमला बाजारू म्हणत असत, ते अगदीच निराधार नव्हते.

मृण्मयी_विश्रामबाग :

कवठेपिरान, बाजारूपणाचा आरोप 'ब्लॅक'पुढे टिकत नाही. ते गाणे सिंगल म्हणून काढावे यासाठी कंपनीने आग्रह धरला होता आणि बँडने ठाम नकार दिला, कारण इतके खासगी गाणे व्हिडिओ आणि जाहिरातीच्या चरकात घालायची त्यांची तयारी नव्हती. खपाच्या मागे लागलेला बँड हातचे यश असे सोडत नाही.

मॅक्रेडी यांच्याबद्दल तुमचे निरीक्षण बरोबर आहे, त्यांच्या वादनाची मुळे सत्तरच्या दशकातच आहेत. मला तो गुण वाटतो. 'अलाइव्ह'च्या शेवटी शब्द संपतात आणि गिटार बोलत राहते, तेवढा वेळ मिळाला नसता तर ते गाणे अर्धवट वाटले असते.

श्रुतिभेद :

शिवाय हा अल्बम कशातून उभा राहिला तेही लक्षात घ्यावे. गिटारवादक स्टोन गॉसर्ड आणि आमेंट यांच्या आधीच्या बँडचे, मदर लव्ह बोनचे, गायक अँड्र्यू वुड मार्च १९९०मध्ये अमली पदार्थांच्या अतिसेवनाने वारले. त्या धक्क्यातून सावरताना गॉसर्ड यांनी चाली रचल्या, त्यांची शब्द नसलेली टेप सॅन डिएगोत व्हेडर यांच्या हाती पडली आणि त्यांनी तिच्यावर शब्द लिहून परत पाठवले. वुड यांच्या स्मरणार्थ 'साउंडगार्डन' बँडचे गायक ख्रिस कॉर्नेल यांनी केलेला 'टेंपल ऑफ द डॉग' हा अल्बमही याच मंडळींनी याच स्टुडिओत मुद्रित केला.

हरिपूर_संगम :

आणि त्या दोन्ही अल्बमच्या निर्मितीत रिक पराशर होते, हे नाव इथे कुणीतरी घ्यायलाच हवे. लंडन ब्रिज स्टुडिओ त्यांनी आपल्या भावासह उभा केला. 'टेन'मध्ये पियानो, ऑर्गन आणि काही तालवाद्ये त्यांनी स्वतः वाजवली आहेत. ते २०१४ साली वारले. कॅसेटच्या कागदावर बारीक अक्षरांत 'पराशर' हे आडनाव वाचून आम्ही चक्रावलो होतो, आणि सिएटल आम्हाला एकदम जवळचे वाटू लागले होते.

मिरजवासी :

तालवाद्यांवरून आठवले. 'ओशन्स'मध्ये पामर यांनी मिरपुडीची डबी आणि अग्निशामक नळकांडे वाजवले आहे, आणि अल्बमवर तशी रीतसर नोंदही आहे. शेतावरच्या त्या स्टुडिओपासून वाद्ये भाड्याने देणारे दुकान लांब होते, म्हणून हाताशी आले ते घेतले. कवठेपिरान, हे गाणे हेडफोनवर एकदा ऐका, उत्तरार्ध ढेपाळतो हे मत कदाचित बदलेल.

नदीवेस_मिरज :

वाचनमात्र होतो, एका गोष्टीसाठी लिहितो आहे. 'वन्स' सुरू होण्यापूर्वी आणि 'रिलीज' संपल्यानंतर एकच संथ, गूढ वादन ऐकू येते, त्याला 'मास्टर/स्लेव्ह' म्हणतात. पहिली सहा गाणी जेमतेम एकोणतीस मिनिटांची आणि उरलेली पाच चोवीस-पंचवीस मिनिटांची, त्यामुळे साठ मिनिटांच्या कॅसेटवर अल्बम पुरा मावत असे. आमच्याकडे दोन्ही बाजू आपोआप उलटून वाजवणारा डेक होता. दुसरी बाजू संपताना ते वादन विरत जाई, कोऱ्या टेपची थोडी खरखर होई, खट् असा आवाज होई आणि पहिल्या बाजूला तेच वादन पुन्हा उमलत येई. अल्बम कुठे संपला आणि कुठे सुरू झाला हे रात्री उशिरा कळत नसे. आज मोबाइलवर सुटी गाणी ऐकणाऱ्यांना हा भाग लक्षातही येत नाही. गावभागकर, कोणतेही मिक्स द्या, पण सलग द्या.

गावभागकर :

सर्वांचे आभार. मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण दरम्यान मुलीचे ऐकणे झाले आहे.

नदीवेस यांच्या सांगण्याप्रमाणे अल्बम सलग लावला, आधी २००९चे मिक्स आणि दोन दिवसांनी १९९१चे. 'जेरेमी'नंतर थांबलो आणि द्राक्षबाग यांनी सुचवल्याप्रमाणे बोललो. ती बराच वेळ बोलली, त्यातले पुष्कळसे तिच्या वर्गाविषयी होते आणि मला नवीन होते. तिचा कौल असा, की 'व्हाय गो' आणि 'पोर्च' नव्या मिक्समध्ये चांगली वाटतात, कारण त्यांतला राग अंगावर येतो. 'ओशन्स' आणि 'रिलीज' मात्र तिला जुन्यातच हवी आहेत. 'ब्लॅक'विषयी तिचे अजून ठरलेले नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला नवे द्यावे हे माझे मत कायम आहे, पण त्यानंतर जुने दिलेच पाहिजे, ही पुस्ती मी आता त्याला जोडतो.

कवठेपिरान :

मिरजवासी, 'ओशन्स' हेडफोनवर ऐकले. ते गाणे मी ढेपाळलेल्या गाण्यांच्या माझ्या यादीतून वगळतो. 'डीप'विषयी मात्र माझे मत तेच आहे.

मृण्मयी_विश्रामबाग :

गावभागकर, एक सूचना करते. दोन मिक्सची तुलना करताना दोन्हींची पातळी कानाला सारखी करून घ्या. २००९चे मिक्स मुळातच चढ्या आवाजात आहे, आणि दोन ध्वनींतला मोठा तो कानाला नेहमीच बरा वाटतो. आपण बहुतेक सगळे सांगली-मिरजेचेच आहोत, तर एखाद्या रविवारी एकत्र बसून दोन्ही ऐकू या. माझ्याकडे २००९चा संच आहे, त्यात दोन्ही मिक्स आहेत.

मिरजवासी :

आमच्या कारखान्याच्या वरची खोली रविवारी रिकामी असते, स्पीकरही चांगले आहेत. सर्वांनी यावे. वडीलही बसणार आहेत, 'जेरेमी' त्यांना पुन्हा ऐकायचे आहे.

अजिंक्यतारा :

साताऱ्याहून सकाळच्या गाडीने येतो. माझ्याकडची खोकल्याची कॅसेट अजून शाबूत आहे, ती आणतो. हरिपूर_संगम, डेक कुणाकडे चालू स्थितीत आहे का, ते पाहून ठेवाल का?